म्हाताऱ्या कुत्र्याला सुई कशाला?

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकासाठी मी कुत्र्यांच्या लसीवर लिहिणार आहे असे सांगितल्यावर वर्गातल्या मैत्रिणींना हसू आले. लिहायचेच तर स्त्रीच्या प्रश्नावर लिही, बेकारीवर लिही, निदान आपल्या गावच्या जत्रेवर तरी लिही, असे सल्ले मिळाले. हे विषय मोठे आहेत आणि त्यांवर लिहिणारे याच अंकात पुष्कळ सापडतील. मला मात्र गेले वर्षभर एका लहानशा वाक्याने छळले आहे. ते वाक्य आमच्या वाडीत कुत्र्यांबद्दल सर्रास बोलले जाते: "म्हातारो झालो तो, आता तेका सुई कित्याक?" वाक्य दिसायला साधे, व्यवहाराचे वाटते. परंतु त्यात दोन-तीन वेगवेगळ्या गोष्टींची खिचडी आहे आणि ती वेगळी करून पाहिली नाही तर त्याची किंमत कुत्र्याबरोबर माणसालाही मोजावी लागेल, असे माझे मत झाले आहे. तेवढेच येथे मांडते.

शहरातल्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. सिंधुदुर्गातल्या आमच्यासारख्या वाडीत प्रत्येक घराला एक कुत्रा असतो, पण त्याला 'पाळलेला' म्हणणे अंमळ धाडसाचेच. त्याला पट्टा नसतो, त्याचे अंथरूण नसते. उरलेला भात आणि माशाचे काटे खाऊन तो खळ्यात पडलेला असतो. रात्री रानडुकरे आणि माकडे यांच्यावर भुंकायचे, वाटेवर कोणी अनोळखी दिसले तर घरच्यांना जागे करायचे, ही त्याची चाकरी. सात-आठ वर्षे ही चाकरी नीट होते. नंतर कान मंदावतात, डोळ्यांत मोती पडतात, मागचे पाय उचलेनासे होतात, आणि कुत्रा खळ्यातून पडवीत येतो. घरात त्याला कोणी हाकलीत नाही, हे आमच्या लोकांचे चांगलेपण मी मान्य करते. मात्र २८ सप्टेंबरच्या रेबीज दिनाच्या सुमारास मोफत लसटोचणी असते, तेव्हा घरोघरचे तरुण कुत्रे दोरी बांधून नेले जातात आणि म्हातारा पडवीतच राहतो. यंदाही तसेच झाले. मी मोजले: आमच्या वाडीतल्या बावीस कुत्र्यांपैकी सहा म्हातारे किंवा आजारी होते. त्या सहांपैकी एकही गेला नाही.

आता पहिली गोष्ट रेबीजची. म्हातारा कुत्रा फारसा हिंडत नाही, मग त्याला कोण चावणार, असे लोक म्हणतात. पण पिसाळलेला कुत्रा स्वतः हिंडतो. तो खळ्यात शिरला तर तरुण कुत्रा पळेल किंवा झुंजेल, म्हाताऱ्याला दोन्ही जमत नाही. त्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि त्याच्या अंगावर झालेली जखम केसांत कोणाला दिसतही नाही. शिवाय घरातली लहान मुले खेळतात ती याच म्हाताऱ्याशी, कारण तो गुरगुरत नाही. माझ्या दादाचा चार वर्षांचा मुलगा आमच्या कुत्र्याच्या पोटावर डोके ठेवून झोपत असे.

याहून मोठी गोष्ट अशी की रेबीज झालेला प्रत्येक कुत्रा गोष्टीतल्यासारखा लाळ गाळीत, चावे घेत धावत नाही. रेबीजचा एक प्रकार मुका असतो. त्यात कुत्रा कोपऱ्यात गप्प पडतो, जबडा लोंबतो, गिळता येत नाही, तोंडातून लाळ येते, पाय लटपटतात. आता सांगा, बारा वर्षांच्या कुत्र्याच्या बाबतीत ही लक्षणे पाहून घरातली माणसे काय म्हणतील? "वय झाले, आता जाणार बिचारा," असेच म्हणतील. आणि घशात हाड अडकले असेल म्हणून कोणीतरी प्रेमाने त्याच्या तोंडात हात घालील. तरुण कुत्र्याच्या बाबतीत जो संशय चटकन येतो तो म्हाताऱ्याच्या बाबतीत येतच नाही, कारण त्याचे आजारी असणे सर्वांनी आधीच गृहीत धरलेले असते. म्हणून रेबीजची लस कोणाला चुकवायची असेलच, तर ती म्हाताऱ्याला चुकवणे सर्वांत धोक्याचे. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर उपाय नाही. लाळेतला विषाणू तर लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीपासून बाहेर पडू लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे रेबीजने जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे मरतात. माणसाला होणारा रेबीज शंभरात नव्याण्णव वेळा कुत्र्यापासून येतो. आमच्या शेजारी गोवा आहे. तेथे गावोगाव फिरून, जाळीने पकडून कुत्र्यांना लस टोचण्याची मोठी मोहीम झाली. एखाद्या भागातल्या शंभरांतल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, हा त्यामागचा हिशेब. २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत तेथे माणसाचा एकही बळी नोंदला गेला नाही आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. आमच्या वाडीतले सहा म्हातारे वगळले तर बावीसांपैकी सोळा उरतात, म्हणजे शंभरांत बहात्तर. त्यांतले दोन पकडताना निसटले की आपण सत्तरच्या खाली आलो! २०२५ साली भटक्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत केवढे रणकंदन झाले ते आपण सर्वांनी वाचले. त्या सगळ्या गदारोळात आपल्याच दारात झोपलेल्या म्हाताऱ्याची आठवण कोणाला झाली नाही.

दुसरी गोष्ट आजारपणाची, आणि ती इतकी सरळ नाही. येथे 'टोचा आणि मोकळे व्हा' असे मी म्हणणार नाही. लसीच्या खोक्यात इंग्रजीत छापलेली एक घडीची पत्रिका असते. वाडीत कोणाकडे इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो, कारण महाविद्यालयात जाणारी मीच. औषधाची चिठ्ठी, बँकेचे पत्र, विजेचे बिल, सगळे मी वाचते. मी कला शाखेची आहे हे कोणाच्या गावी नाही. तर त्या पत्रिकेत असे वाक्य होते की ही लस निरोगी जनावरांनाच द्यावी. मी ते मोठ्याने वाचले मात्र, शेजारचे काका म्हणाले, "बघ! कंपनीच सांगते, आजारी कुत्र्याला देऊ नका."

आमचे मराठीचे सर कवितेतल्या एका शब्दावर अख्खा तास घेतात तेव्हा आम्ही मागच्या बाकावर घड्याळ बघतो. त्या दिवशी मात्र एका शब्दाचा अर्थ लावण्याची पाळी माझ्यावर आली. 'निरोगी' म्हणजे काय? अंगात ताप आहे, उलट्या-जुलाब चालू आहेत, अन्न सोडले आहे, अशा कुत्र्याला लस टोचू नये हे खरे. शरीर आधीच एका शत्रूशी झुंजत असते. लसीचा हवा तसा परिणाम होत नाही, आणि पुढे काही बिघडले तर ते रोगाने की लसीने हेही कळत नाही. तेथे थांबावे, आधी उपचार करावा. पण सांधे धरलेला, हृदयाच्या गोळ्या चालू असलेला, मूत्रपिंडे थकलेली असूनही औषधाने बरा चाललेला कुत्रा? त्याला निरोगी म्हणता येणार नाही. तो यापुढे कधी निरोगी होणारही नाही. म्हणजे त्याला लस कधीच द्यायची नाही? तसे म्हटले तर ज्याची प्रकृती नाजूक तोच उघड्यावर राहील. पशुवैद्यक मंडळी येथे जो भेद करतात तो माझ्या मते व्यवहाराचा आहे: आजार चढता आहे की स्थिर आहे? चढता असेल तर थांबा, स्थिर असेल तर कोणती लस हे पाहा.

'कोणती' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. रेबीजची कुत्र्यांना टोचतात ती लस मेलेल्या विषाणूची असते. तिच्यातून रोग होणे शक्य नाही. उलट डिस्टेंपर, पार्व्हो यांच्या लसी बहुधा दुबळ्या केलेल्या जिवंत विषाणूंच्या असतात. ज्या कुत्र्याला कर्करोगाची औषधे किंवा स्टिरॉइडचे मोठे डोस चालू आहेत, त्याला अशी जिवंत लस देताना डॉक्टर बिचकतात, आणि ते योग्यच आहे. ज्याच्या शरीराने एकदा आपल्याच रक्तपेशींवर हल्ला केला आहे, त्याच्या बाबतीत तर प्रत्येक सुईचा विचार वेगळा करावा लागतो. पण पार्व्हो हा मुख्यतः पिलांचा काळ. लहानपणी ज्याच्या लसी नीट पुऱ्या झाल्या त्या कुत्र्याच्या अंगी या दोन रोगांविरुद्धची शक्ती वर्षानुवर्षे टिकते. जगातल्या लहान प्राण्यांच्या डॉक्टरांची संघटनाही या लसी तीन वर्षांच्या आत पुन्हा देऊ नयेत असेच सांगते. मग शहरात दरवर्षी न चुकता सात रोगांची की नऊ रोगांची एकत्र सुई म्हाताऱ्या, आजारी कुत्र्याला देतात ती कशासाठी? पुस्तिकेत पुढची तारीख छापलेली असते म्हणून? आमच्या वाडीतला 'काहीच नको'वाला आणि शहरातला 'सगळेच द्या'वाला, दोघेही समोरच्या कुत्र्याकडे न बघता निर्णय घेतात, हे मला सारखेच वाटते. एकाच्या खिशात पैसे नाहीत, दुसऱ्याच्या आहेत, एवढाच काय तो फरक.

लेप्टोचे मात्र वेगळे. पावसात शेतात उतरणाऱ्या आम्हा कोकणवासीयांना या रोगाची धास्ती माहीत आहे. उंदराच्या मुतातून तो येतो, कुत्र्यालाही होतो आणि नेमका मूत्रपिंडांवरच घाला घालतो. त्याच्या लसीची शक्ती जेमतेम वर्षभर पुरते. म्हणजे मूत्रपिंडे थकलेल्या कुत्र्याला ही लस द्यावी की नाही, हा खरोखरच पेच आहे. द्यावी तर शरीर दुबळे, न द्यावी तर रोगाचा पहिला घाव दुबळ्या जागीच. येथे मला मत नाही. घराभोवती उंदीर किती, कुत्रा चिखलात जातो का, हे पाहून डॉक्टरने आणि घरच्यांनी मिळून ठरवावे.

आता आमच्या मोत्याचे सांगते, कारण वाडीत माझ्या मताविरुद्ध पुरावा म्हणून त्याचेच नाव घेतात. मोत्या बारा वर्षांचा. गेल्या दिवाळीच्या सुमारास तो तांब्यातांब्याने पाणी पिऊ लागला, वाळला, उलट्या करू लागला. वडील म्हणाले, त्याचे वय झाले. मी आणि दादा त्याला गोणपाटावर घेऊन रिक्षाने तालुक्याला गेलो. डॉक्टरांनी रक्त तपासून मूत्रपिंडे निकामी होत आहेत असे सांगितले. चार दिवस सलाईन लावले. लसीचे विचारले तेव्हा ते म्हणाले, "आज नको. उलट्या थांबू देत, खायला लागू दे, मग आणा. आणि फक्त रेबीजची देऊ, बाकीच्या नकोत." तीन आठवड्यांनी मोत्या चालत रिक्षात चढला. त्याला रेबीजची लस दिली. पुढे नाताळापर्यंत तो बरा होता, पडवीतून खळ्यात यायचा, भुंकायचासुद्धा. माघात पुन्हा अन्न सोडले आणि गेला.

"सुई टोचली म्हणून गेला." हे वाक्य वाडीभर झाले. लस टोचल्याला तीन महिने होत आले होते, रक्ताचा कागद घरात होता, तरीही. सहा म्हाताऱ्यांना यंदा नेले नाही त्याचे एक कारण मोत्याच आहे, हे मला दोन घरांतून स्पष्ट ऐकवले गेले. यावर मी पुष्कळ विचार केला. म्हातारा किंवा आजारी प्राणी लवकर मरण्याची शक्यता असतेच; त्याला आज लस दिली नाही तरी असते. मग ज्यांना लस दिली त्यांच्यातले काही लसीनंतर मरणारच, आणि जे लसीआधी गेले त्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. पाठोपाठ घडले म्हणजे त्याच्यामुळे घडले, ही तर्कशास्त्रातली जुनी चूक आम्हाला प्रथम वर्षाला शिकवली होती. परीक्षेत त्यावर पाच गुणांची टीप लिहून मी मोकळी झाले होते!

लसीचा त्रास होतच नाही असे नाही. अंग दुखते, सुस्ती येते, एखाद्याचे तोंड सुजते, क्वचित जिवावरही बेतते. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. लस टोचल्यावर तीन दिवसांत काही ना काही त्रास झालेले कुत्रे दर दहा हजारांत सुमारे ३८ निघाले. धोका वाढत होता तो लहान चणीच्या कुत्र्यांत आणि एकाच भेटीत अनेक लसी दिल्या तेव्हा. म्हणजे भीती बाळगायचीच तर ती एका वेळी किती सुया टोचतात याची बाळगावी. नुसत्या वयाला भिण्यात अर्थ नाही.

वयाचा हा बागुलबुवा आपण गुरांच्या बाबतीत मानत नाही, ही मजेची गोष्ट आहे. लाळ्या-खुरकुताची लस टोचायला माणसे येतात तेव्हा गोठ्यातल्या म्हाताऱ्या बैलालाही टोचतात, कारण रोग गोठ्यागोठ्यांतून जातो हे शेतकऱ्याला पटलेले असते. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा तर लोकांनी आपण होऊन गुरे पुढे केली. उलट सांसर्गिक गर्भपाताची लस फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना देतात, मोठ्या गायीला नाही, आणि त्याबद्दलही कोणी वाद घालीत नाही. प्रत्येक लसीचे आपले वय असते, एवढे साधे तत्त्व आमच्या लोकांना गोठ्यात कळते. मग ते पडवीत का कळू नये?

याचे उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते लिहिल्याशिवाय हा लेख खोटा होईल. बैल गेला तर पंचवीस-तीस हजार जातात. कुत्रा गेला तर काही जात नाही. म्हाताऱ्या कुत्र्यापायी रिक्षाचे भाडे, एक दिवसाची मजुरी, आणि डॉक्टर भेटतीलच याची खात्री नाही. माझे वडील मोत्यावर कमी माया करीत नव्हते; शेवटच्या रात्री कंदील घेऊन तेच त्याच्यापाशी बसले होते. परंतु ज्या घरात आजीच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दोन वर्षे पुढे ढकलली गेली, त्या घरात कुत्र्याच्या सुईसाठी रिक्षा सांगणे जड जाते. १ मार्च २०२१ रोजी करोनाची लस साठीच्या वरच्यांना आणि पंचेचाळिशीच्या वरच्या आजारी माणसांना खुली झाली, तेव्हा आमच्या आजीनेच म्हटले होते, "माका कित्याक? पोरांक द्या." तिला कोणी समजावले? आरोग्यकेंद्राच्या ताई तीनदा घरी येऊन गेल्या, म्हणून ती गेली. तिला तिची किंमत दुसऱ्या कोणीतरी येऊन सांगावी लागली. कुत्र्याला तर तसे म्हणताही येत नाही.

म्हणून माझी सूचना राष्ट्रीय सेवा योजनेच्या आपल्या शिबिराबद्दल आहे. दरवर्षी आपण खेड्यात जाऊन रस्ता झाडतो, बंधारा घालतो, शेवटच्या दिवशी पथनाट्य करतो. यंदा ज्या गावी शिबिर असेल तेथे आधी पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून एक दिवस घरोघर रेबीजच्या लसीचा ठेवावा. घरोघर म्हणते ते मुद्दाम. मैदानात बोलावले की चालू शकणारेच येतात. लस दोन ते आठ अंश तापमानात राहावी लागते, तेव्हा बर्फाचा डबा उचलायला आणि नोंदी करायला मुले लागतील, ती आपल्याकडे आहेत. टोचायचे काम डॉक्टरांचेच. आपण आदल्या दिवशी फिरून यादी करावी आणि यादीत कुत्र्याच्या वयाबरोबर आणखी तीन रकाने ठेवावेत: गेल्या आठवड्यात ताप किंवा उलट्या होत्या का, कोणते औषध चालू आहे, आणि पूर्वी लस टोचल्यावर तोंड सुजले होते का. हे कागद पाहून आज कोणाला द्यायची आणि कोणाकडे तीन आठवड्यांनी पुन्हा यायचे ते डॉक्टर ठरवतील. तीन आठवड्यांनी शिबिर संपलेले असेल, हे मला माहीत आहे. त्या फेरीसाठी मी आणि वर्गातल्या दोन मैत्रिणी (हसणाऱ्यांपैकीच) यायला तयार आहोत. आणखी चार नावे हवी आहेत. प्राध्यापक मंडळींपैकी कोणाकडे मोटारसायकल असेल तर फारच बरे होईल.